खिळ्यावरचं स्ट्रेचर

हसू नका, पण शिलाई मशीन मी स्टेशनातल्या स्ट्रेचरवरून घरी आणलंय. आम्ही सिल्व्हर पार्कला राहायला आलो तेव्हा पावसाळ्यात गुडघाभर चिखल असायचा, रिक्षावाले सरळ नाही म्हणायचे. स्टेशन इवलंसं, हमाल औषधालाही नाही. मग ज्याचं सामान यायचं, तो मास्तरांच्या ऑफिसबाहेर खिळ्याला टांगलेलं एकुलतं एक स्ट्रेचर मागून न्यायचा. मास्तर एवढंच म्हणायचे, "संध्याकाळी परत टांगा."

माझ्या मशीनला दुसऱ्या बाजूने हात लावला तो शेजारच्या कांबळेकाकांनी. संध्याकाळी त्यांनी आठवणही करून दिली, "अरे, ते देऊन ये."

"सकाळी देतो काका. आता कुणाला लागतंय?"

खरं म्हणजे घरात मेव्हणा आला होता आणि फरशीला ओल धरली होती. त्याला मी स्ट्रेचरवरच झोपवला.

सकाळी खालून कुणीतरी ओरडलं, "कांबळे स्टेशनात पडलेत! स्ट्रेचर कुणाकडे आहे?"

मेव्हण्याला अक्षरशः खाली लोटला आणि स्ट्रेचर डोक्यावर घेऊन चिखलातून धावलो. तीनदा घसरलो. पोचलो तेव्हा काका बाकड्यावर आडवे होते आणि डॉक्टर बॅग बंद करत होते. म्हणाले, "वीस मिनिटांपूर्वी दवाखान्यात आणलं असतं तर..."

मास्तरांनी एकदा रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घेऊन जा त्यांना," ते म्हणाले. "आणि संध्याकाळी परत टांगा."