मारियाच्या मानेतून निघालेली रेघ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष डॉन मेलितोन, व्यासपीठावरचे पाद्रीबाबा, निरोपाचे मानकरी प्राध्यापक लिसांद्रो, आणि ऊन सोसून बसलेल्या माझ्या आयाबायांनो,

मला दोन गोड शब्द बोलायला उभं केलंय. शाळा माझी दुसरीपर्यंत, तेव्हा दोनाचे किती होतील सांगता येत नाही.

आनंद तर मला झालाच आहे. देवळाच्या पेटीतला आपला साडेचारशे वर्षांचा कागद सरांनी तीन वर्षं बसून वाचला, त्यावर पुस्तक काढलं. त्या कागदावर घरोघरच्या माणसांची डोकी, आणि मानेतून निघालेल्या रेघेच्या टोकाला ज्याच्या त्याच्या नावाचं चित्र. ससा, गरुड, धुराचा लोट. तेव्हाच्या पाद्र्यांनी बाप्तिस्मा देताना सगळ्या बायकांना मारिया करून टाकलं. तुम्हाला नाही म्हणत बाबा, बसा तुम्ही. पण कुठली मारिया, हे कोण सांगणार? चित्रच ना?

आणि सरांच्या पुस्तकात आमची मारिया कशी आलीय? ‘विधवा, नाव नाही.’ तिच्या नावाचं कोल्ह्याचं तोंड दिलंय शेजारच्या तोरिबिओला. घडीवर रेघ झिजली होती, सरांनी जवळचं डोकं धरलं. तोरिबिओ म्हणजे आपल्या अध्यक्षांचा पूर्वज. त्यांनी लगेच दुकानाच्या दारावर कोल्हा रंगवून घेतला. हसू नका मेलितोन, तुमच्या आईला मी ओळखत होते.

मी सरांना म्हटलं, “जन्मभर भरतकाम केलंय मी. धागा तुटला तरी दोन्ही टोकं राहतात. कागद उन्हात धरून बघा.”

“आजी, तुम्हाला वाचता कुठं येतं?”

अक्षरं नाही येत. चित्र काढणाऱ्याला तरी येत होती का?

परवा शेवटी धरला त्यांनी कागद उन्हात. एक टोक विधवेच्या मानेला, दुसरं कोल्ह्याच्या गळ्याला. तोरिबिओची मान कोरी. सरांनी कागद पुन्हा उलटून धरला. मग म्हणाले, “आजी, तुमचं खरं आहे. पण पुस्तक छापून झालं.”

छापून झालं म्हणून बाई बिननावाची राहणार? तिच्यामागे चार चिमुकली डोकी काढलीत. त्यांना वाढवलं कुणी? आमचं आडनाव कोयोत्ल, म्हणजे आमच्या जुन्या बोलीत कोल्हाच. तिच्या वंशाची बत्तीस माणसं इथं समोर बसलीत.

सर, तुमची बस चारला आहे. शाळेत ठेवायची प्रत ही टेबलावर, हे पेन. बोटभर रेघ आहे. मानेपासून कोल्ह्यापर्यंत ओढा आणि खाली सही करा. मोलेचा रस्सा शिजलाय, टर्की मऊ झालीय, आणि डाव माझ्या हातात आहे.

अध्यक्षांचे आभार, पाद्रीबाबांचे आभार, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आभार. सर, तुमच्या तीन वर्षांचे तर मनापासून. म्हाताऱ्या जिभेकडून काही जास्त गेलं असेल तर पोटात घाला.

ताटं रेघ ओढल्यावर वाढते.