तेवीसच्या गाडीचं बाराचं अ‍ॅव्हरेज

रविराज : गाडीची किल्ली ड्रायव्हरनं, गोरक्षनं आणून द्यायची होती. तू कशाला आलीस?

संस्कृती : पप्पा आलेत, काका. फाटकाबाहेर उभे आहेत. सकाळी पंपावर तुम्ही त्यांना चोर म्हणालात, तेव्हापासून तुमच्या अंगणात पाय टाकायला तयार नाहीत.

रविराज : मग ठेव त्या ओट्यावर आणि घरी जा. दहावी आहे ना तुझी? अभ्यास कर.

संस्कृती : करणार आहे. किल्ली देते, पण आधी ती घेऊन मी तुमच्या शेजारी बसते, तुम्ही बटण दाबून गाडी एकदा चालू करा. जी स्क्रीन तुम्ही सकाळी सगळ्या पंपाला दाखवलीत, ती मलाही दाखवा.

रविराज : बघ की. ही घे, केली चालू. बारा पॉइंट चार. शोरूमवाल्यानं तेवीस सांगितलं होतं. तेवीस सोड, गेल्या दिवाळीत घेतली तेव्हा अठरा-एकोणीस देत होती, मी कधी काही बोललो का? आता बारा. अगं, माझी जुनी डिझेल गाडी यापेक्षा जास्त द्यायची. हायब्रीड म्हणून नाचत आणली आणि ही असली. राहिलेलं पेट्रोल कुठं गेलं, तुझ्या बापाला विचार.

संस्कृती : इंजिनात गेलं.

रविराज : काय?

संस्कृती : इंजिनात. नळी घालून कुणी टाकीतून पेट्रोल काढलं, तर ते इंजिनापर्यंत पोचतं का, काका?

रविराज : कसं पोचेल?

संस्कृती : आणि ही स्क्रीन काय मोजते? इंजिनानं किती पिलं ते. जे इंजिनानं पिलंच नाही, ते तिला कळणार कुठून? पप्पांनी रोज पाच लिटर चोरलं असतं तरी ती अठराच दाखवत राहिली असती. तुम्ही ज्या आकड्यावर बोट ठेवून ओरडलात ना, तो आकडा पप्पांच्या बाजूनं बोलत होता. तुम्ही ऐकलंच नाही त्याचं.

रविराज : हे कुणी पढवलं तुला?

संस्कृती : तुमच्याच गाडीच्या पुस्तकानं. तुम्ही त्याची पिशवीसुद्धा फाडली नव्हती. पप्पांनी ते घरी आणलं. सगळं इंग्रजीत, म्हणून मी वाचलं आणि त्यांना मराठीत सांगितलं. माझी अख्खी दिवाळीची सुट्टी त्यात गेली. हळू ब्रेक दाबला की बॅटरी भरते, हे कळल्यापासून ते पुढं म्हशी दिसल्या तरी शंभर पावलं आधी पाय उचलतात. असला माणूस पेट्रोल चोरेल?

रविराज : बरं, चोरी नाही. मग इंजिन एवढं पितंय कशानं?

संस्कृती : तेच बघायला आलेय. उजव्या हाताचं ते बारकं बटण दाबा. अजून एकदा. हं, आता वाचा मोठ्यानं.

रविराज : पाचशे बावीस किलोमीटर. चालू वेळ एकोणचाळीस तास. सरासरी वेग तेरा.

संस्कृती : तेरा. आमच्या शाळेत शर्यतीत पहिला येणारा पोरगा तेरानं पळतो, काका, तोही अनवाणी. रस्त्याला कितीही खड्डे असू देत, तुमची गाडी तेरानं जात नाही. मागं बसून तुम्हीच ‘हाण, हाण’ करत असता. मग याचा अर्थ काय?

रविराज : तूच सांग, मॅडम.

संस्कृती : गाडी उभी होती आणि चालू होती. एसी लावून. उभ्या गाडीत एसी आधी बॅटरीवर चालतो. बॅटरी उतरली की इंजिन आपलं आपण सुरू होतं, ती भरतं, बंद होतं, परत सुरू होतं. कुणाला धड ऐकूही येत नाही. किलोमीटर एकही वाढत नाही, पेट्रोल मात्र जात राहतं.

रविराज : उभी तर ती दशक्रियेलाच असते. निवडणूक लागल्यापासून रोज एक-दोन दशक्रियांना हजेरी लावावी लागते. म्हणजे मी तिकडं घाटावर ऑक्टोबरच्या उन्हात श्रद्धांजली वाहतोय, आणि हा इकडं गारव्यात घोरतोय. गोरक्ष, ये आत. ऐकलंस ना सगळं?

गोरक्ष : ऐकलं, दादा.

रविराज : दशक्रियेला गाडी चालू ठेवून आत कोण बसतं?

गोरक्ष : मीच बसतो. डोळा लागतो कदी कदी. चुकलं माझं.

संस्कृती : पप्पा, खोटं बोलू नका.

गोरक्ष : तू गप ऱ्हा.

संस्कृती : नाही राहणार. काका, यांची मान बघा. एसीत झोपणाऱ्याची मान अशी भाजते? आई रोज खोबरेल लावते तिथं. पप्पा, तुम्ही बाहेर उभे असता. मग आत कोण असतं?

गोरक्ष : कुनी नसतं. चल घरी.

संस्कृती : सकाळी चोर झालात, आता झोपाळू झालात. अजून काय काय व्हायचंय? माझ्या वर्गातल्या पंकजाचे वडील होते पंपावर. दुपारी डबा खाताना ती मला म्हणाली, ‘तुझे पप्पा तसे वाटत नाहीत गं.’ एवढं प्रेमानं म्हणाली की मी डबा तसाच बंद केला. शिवी दिली असती तर मी परत दिली असती.

गोरक्ष : पोरी, शबूद दिलाय मी. नको इचारू.

रविराज : शब्द? माझ्या गाडीत, माझ्या पेट्रोलवर, तू कुणाला शब्द देतोस?

छबूबाई : मला.

रविराज : आई, तू आत जा. गाडीचं चाललंय, तुझं काही नाही.

छबूबाई : माजंच हाय. खिडकीतनं कवाची ऐकतीय. गाडीत मी असती. गोरक्ष तिकडं लिंबाखाली उभा ऱ्हातो.

रविराज : तू तर बायकांत बसलेली असतेस.

छबूबाई : पिंडाला कावळा शिवला की मी उठती. फुडं तुमची भाषनं दीड दीड तास. एवढ्या दिवसांत आई बायकांत दिसत न्हाई, हे तुला एकदा बी कळलं न्हाई.

रविराज : बरं, बसलीस गाडीत. गुडघे दुखतात तुझे. त्यात शब्द घेण्यासारखं काय होतं?

छबूबाई : एकली नसती. विजू येती.

रविराज : कोण विजू?

छबूबाई : इसरला? तुझी बहीन, विजयमाला. दशक्रिया जिथं आसंल तिथं स्कूटीवर येती, उनातानात. जमिनीच्या हक्कसोडीवर सही केली न्हाई म्हनून तू तिला उंबरा बंद केला, त्याला तीन वर्सं झाली. मग लेकीला मी भेटायचं कुठं? काचा खाली केल्या तर तुझी मानसं बघत्यात. वर केल्या तर जीव गुदमारतो. म्हनून एशी. रवीला सांगशील तर माजी शपत हाय, आसं मीच याला म्हनलं हुतं.

(रविराज गाडी बंद करतो.)

रविराज : गोरक्ष, चारचौघांत एवढं ऐकून घेतलंस. एका शब्दानं सांगायचंस.

गोरक्ष : सांगितलं आसतं तर ताईंचं येनं बंद झालं आसतं, दादा.

संस्कृती : तुमचं घरातलं तुम्ही बघा, काका. माझं बाहेरचं राहिलंय. चोर म्हणालात पंपावर, आठ-दहा माणसांत. ते इथं अंगणात मिटणार नाही.

रविराज : पंपवाल्याला फोन करून सांगतो.

संस्कृती : चोर काही फोनवर म्हणाला नव्हतात.

गोरक्ष : संस्कृती, बास.

संस्कृती : बोलू द्या, पप्पा. सकाळी तुम्ही बोलला नाहीत, ते मला आत्ता बोलावं लागतंय.

रविराज : बरं. उद्या सातला राहुरीकडं दशक्रियेला निघायचंय. जाताना पंपावर थांबू. सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी होती म्हणून. दे ती किल्ली बापाच्या हातात.

संस्कृती : देते. पंकजाचे वडील डेअरीत दूध घालून सव्वासातला येतात पंपावर. ते येईपर्यंत थांबायचं.

रविराज : थांबतो, बाई.

छबूबाई : मी बी हाय उद्या. विजूला फोन लावती, तिकडंच ये म्हनावं.

रविराज : आई, उद्या नको. उद्या घाटावर सगळा तालुका असणार आहे. लोक बघतील.

छबूबाई : गोरक्ष, उद्या एशी लावू नको. काचा खालीच ऱ्हाऊ दे.