नातेवाईकाचा रकाना

सन्माननीय अध्यक्ष डॉ. जितेंद्र सर, व्यासपीठावरील मान्यवर, परिचारिका भगिनी, वॉर्डातले सहकारी, आणि ज्यांच्यासाठी आपण आज जमलो त्या सत्यवती सिस्टर,

मी मयुरा, इथली फिजिओथेरपिस्ट. मला भाषण करता येत नाही, म्हणून घडलं ते क्रमाने सांगते.

एक. सिस्टर आज बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होत आहेत.

दोन. त्यांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा लहान छेदातून बदलायचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी ठरलं होतं.

तीन. काल त्यांनी ते रद्द केलं.

चार. त्यांच्या फॉर्मवर 'घरी सोबत राहणारे नातेवाईक' हा रकाना रिकामा आहे. तो भरल्याशिवाय मी सही करत नाही. हा नियम माझाच.

असा नियम कशाला? छेद तर लहानच असतो ना? कामठीच्या रुपरावांनी हेच विचारलं होतं. यंत्रमागापाशी उभं राहून आयुष्य काढलेला माणूस. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून ते ओरडले, "अवं सिस्टर, कापलं इतकुसं अन् दुखून राहिलं एवढं! काहून?"

सिस्टर म्हणाल्या, "दरवाजा लहान ठेवला म्हणून घरातलं काम कमी होते काय गा? चाला, पाय उचला."

मला हे सांगायला दहा मिनिटं लागतात. स्नायू कमी कापले जातात, बहुतेक पेशंट दुसऱ्या दिवशी उभे राहतात, हे खरं. पण सूज काही आठवडे राहते. गुडघा वाकवायचा व्यायाम दुखत असतानाही रोज करावा लागतो. आणि पहिले दोन आठवडे बाथरूमच्या दाराबाहेर कुणीतरी असावं लागतं.

रुपराव एकटे राहतात. त्यांच्या रकान्यात मात्र 'बहीण' असं लिहिलं होतं, पुढे मोबाइल नंबर. ते घरी गेल्यावर चौकशीसाठी मी वॉर्डातून तो लावला. फोन माझ्यामागे, सिस्टरांच्या खिशात वाजला. त्यांनी माझ्याकडे पाहतच उचलला. "हॅलो, रुपरावची बहीण बोलून राहिली."

मी जुने फॉर्म काढले. तोच नंबर एकोणीस वेळा. कुठे बहीण, कुठे मावशी, एकदा तर सून.

"हे नियमात बसत नाही," मी म्हणाले.

"तू फॉर्म पाह्य. मी सुटीच्या दिवशी कामठीले जाऊन राहिली. पडलं काय कोणी आजवर?"

कुणी पडलं नव्हतं. मी तपासलं.

मग स्वतःच्या फॉर्मवर एक नाव टाकायला काय हरकत होती? काल मी तेही विचारलं. "माझा फोन माझ्याच खिशात वाजून काय उपयोग वं?" म्हणाल्या आणि हसल्या. मला हसता आलं नाही. या रुग्णालयातल्या माझ्या नोकरीच्या अर्जावर, अडचणीच्या वेळी कुणाला कळवावं या प्रश्नापुढे, मी रुग्णालयाचाच नंबर दिलेला आहे.

मनीषनगरला माझी भाड्याची खोली आहे. तळमजला, बाहेर दोन पायऱ्या. आज सकाळी कठडा बसवून घेतला. कमोड आहे. खुर्चीची उंची अठरा इंच, म्हणजे पुरेशी. वर्दळ नाही. तिथे दोन वर्षांत पाहुणं कुणी आलेलं नाही, त्यामुळे दुसरी खाट नवीच आहे. दोन आठवड्यांची माझी रजा सरांनी मंजूर केली आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.

ऑपरेशननंतर माझ्याकडे राहाल का, हे कालपासून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा सिस्टरांनी "तुले काहून त्रास?" म्हणत मला चहा पाजला. म्हणून आज भर सभेत विचारते आहे. हे रीतीला धरून नाही याची मला कल्पना आहे. सभेने आणि सिस्टरांनी ही चूक पदरात घ्यावी. शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपली ऋणी आहे.

सिस्टर, ऑपरेशनची यादी गुरुवारी सकाळी नक्की होते. त्या रकान्यात माझं नाव लिहू का? नातं तुम्ही सांगाल ते लिहीन. कृपया बुधवारी सायंकाळी पाचपर्यंत कळवावं.