पडद्याच्या काठावर

रंग. घराला रंग काढलाय म्हणे. तारीख चौदा, वार शनिवार, सकाळपासून कोरडा वारा सुटलेला, रस्त्यावरची सगळी धूळ उठून माणसांच्या डोळ्यांत चाललेली, दुकानाची पाटी कड्यांवर खडखड करतेय... आणि अशा वाऱ्यात कुणी घराला रंग काढतं का? तुम्हीच सांगा. ओल्या भिंतीवर अर्धा रस्ता येऊन चिकटेल. पण मला तसाच निरोप आला. ‘या वेळी चहा रद्द, घराला रंग काढलाय.’ मी म्हटलं बरं, काढा. आणि दुपारी बँकवालीचा फोन. आमच्यातली एक बँकेत आहे, फार सरळ बाई, पोटात काही ठेवता येत नाही तिला. ‘अगं, खडूकडे येताना बिस्किटं घेऊन येतेस का? मास्तरीण केक आणतेय, मी फुलं आणतेय, बिस्किटांचं कुणी बघितलेलंच नाही.’

म्हणजे चहा होता. सगळ्यांना होता. रंग फक्त मला होता.

आता खडू म्हणजे कोण, तर माझी शाळेपासूनची मैत्रीण. काडीसारखी होती आणि पडली की तुकडाच पडायचा, दोनदा हात मोडून घेतलेला, म्हणून खडू. आम्ही चौघी महिन्यातून एका शनिवारी एकीच्या घरी चहाला जमतो. बाकी मला जाण्यायेण्याचं ठिकाण उरलेलंच नाही आणि त्याचं कारण माझा धंदा. माझं दुकान आहे, दवाखान्यातले पलंग घरी भाड्याने द्यायचं. ते हँडल फिरवलं की पाठ वर होते ते पलंग, चाकाच्या खुर्च्या, काठ्या, बसून आंघोळ करायचे स्टूल. धंदा चांगला आहे हो, हात लावीन तिथे माणूस आजारीच आहे. पण या धंद्याला एक शाप आहे, गिऱ्हाइकाला ‘पुन्हा या’ म्हणायची सोय नाही. दुकान काढलं तेव्हा पाटी रंगवणाऱ्याने सवयीने खाली लिहून टाकलं, ‘पुन्हा अवश्य या’. दोन दिवस ती पाटी तशीच लटकत होती आणि लोक वाचून पलीकडच्या फुटपाथने जात होते.

आणि समारंभात गेलं तर? भाचीचा वाढदिवस, पोरं मेणबत्त्या फुंकतायत, आणि कुणाची तरी मावशी मला कोपऱ्यात ओढते, इकडेतिकडे बघते, जशी काही मी चोरून दारू विकते. ‘अहो, ते तुमच्याकडे... बसून जायचं... ते भांडं असलेली खुर्ची असते ना?’ असते. आज नको, आज मी केक खायला आलेय. ते काम झालं की हीच मावशी हात जोडणार, ‘पण देव करो नि तुमच्याकडे यायची वेळ कुणावर न येवो.’ बरं. मिठाईवाल्याला असं कोण म्हणतं? चांभाराला म्हणतं? माझ्या तोंडावर माझ्या दुकानाचं वाटोळं चिंतायचं आणि मी वर ‘हो ना’ म्हणायचं.

बरं, माझीही खोड वाईट आहे, लपवत नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी माझी नजर दारावर जाते. चौकट किती रुंद, जिना कुठे वळतो, पलंग आत जाईल का. लोक म्हणतात, ‘कसं वाटलं घर?’ आणि मी म्हणते, ‘आतल्या खोलीचं दार अरुंद आहे.’ यावर पुन्हा कोण बोलावणार?

एक खडूच बोलवायची. तिचा नवरा तर माझ्या धंद्यावर उघड विनोद करायचा, तो एकटाच. मला ‘मालकीणबाई’ म्हणायचा. ‘मालकीणबाई, माझ्यासाठी खिडकीजवळचा एक पलंग राखून ठेवा बरं का. आणि ओळखीत आहे, गादी जरा जाड टाका.’ खडू त्याला चिमटा काढायची, मी हसायचे. त्या घरात मी धंदेवाली नव्हते, अपशकुनी नव्हते, मी नुसती चहाला जायचे.

तर तुम्हाला सांगते, त्या शनिवारीही मी नुसती चहाला गेले होते. बिस्किटं घेतली, आणि वाटभर भांडण जुळवत गेले. काय काय वाक्यं जमवली होती मी. ‘रंग छान बसलाय हं, दिसतच नाही.’ हे दारात म्हणायचं. मग चहा संपल्यावर, सगळ्यांदेखत, ‘माझ्या पायगुणाची एवढी भीती वाटत होती तर सरळ सांगायचं होतंस.’ आणि मग उठायचं. पर्स उचलायची. चप्पल घालताना मागे बघायचं नाही. सगळं ठरलेलं.

दार खडूनेच उघडलं. ‘अगं... तू.’ एवढंच म्हणाली. चेहरा असा, की बस चुकलेली आणि सामान बसमध्येच राहिलेलं. मी म्हटलं, ‘बिस्किटं आणली.’ पहिलं वाक्य विसरलेच मी, कारण तोवर माझ्या नजरेने आपलं काम सुरू केलेलं. भिंती जुन्याच. रंगाचा पत्ता नाही. पण आतल्या खोलीच्या दाराच्या जागी पडदा.

मास्तरीण म्हणते, ती शाळेत शिकवते, घरीही तशीच बोलते, प्रत्येक वाक्याला माणसाला मान हलवावी लागते... ‘बघ, पडदा किती छान दिसतो. दार बंद असायचं तेव्हा कसं कोंदट वाटायचं. हवा खेळती पाहिजे घरात.’ बँकवाली म्हणते, ‘कापडही चांगलंय. कुठून घेतलंस गं?’

त्या दोघी कापड बघत होत्या. मी चौकट बघत होते. बिजागऱ्यांच्या जागी उघडी भोकं, नुकते काढलेले स्क्रू. आता ऐका, दार लोक हौसेने काढत नाहीत. दार उतरवलं की चौकटीत दोन बोटं जागा वाढते. आणि ती दोन बोटं फक्त एका वस्तूला लागतात. माझा गाडीवाला गेल्या गेल्या पहिलं काम तेच करतो, स्क्रूड्रायव्हर काढतो आणि दार उतरवतो. खाली पाहिलं, तर फरशीवर चाकांचे दोन करडे पट्टे, बाहेरच्या दारापासून आले, कोचाशी वळले आणि पडद्याखालून आत गेले.

बँकवालीने विचारलं, ‘आणि साहेब कुठे?’

‘बाहेरगावी,’ खडू म्हणाली. ‘कामासाठी. येतील आठ-पंधरा दिवसांत.’ आणि माझ्याकडे पाहिलं. मी बिजागऱ्यांकडे बघतेय हे तिने पाहिलं, आणि तिने पाहिलं हे मी पाहिलं. तिने किटली उचलली आणि कप भरायला लागली.

आणि त्याच वेळी वारा आला. तोच, सकाळपासूनचा. पडदा फुगला, खालून वर उडायला लागला, वीतभर, हातभर... मला आत लोखंडी पाय दिसला, त्याच्या बुडाशी चाक दिसलं, आणि मी काय करावं? मी खुर्ची ओढली, पडद्याच्या काठावर ठेवली, चारही पाय नीट, आणि वर बसले.

‘तिथे काय बसतेस वाऱ्यात? इकडे ये, कोचावर,’ बँकवाली म्हणाली.

मला इथेच बरं आहे.

‘अगं, पाठीला झोत लागेल.’

लागू दे.

मास्तरीण म्हणते, ‘धंद्याची माणसं. दाराजवळच बसणार, गिऱ्हाईक आलं की उठायला बरं.’ हसल्या दोघी. खडू हसली नाही. हसा बाई, मी नुसती चहाला आलेय, काठावर बसून पिते.

अर्धा कप झाला नसेल, आत खोकला. हलका, ओला, छातीच्या तळातून आलेला. असला खोकला मला पाठ आहे. बँकवालीने मान वळवली, ‘कोण गं?’

मी खोकले.

तुम्हाला सांगते, आयुष्यात एवढ्या जोरात खोकले नव्हते. चहा सांडला. ‘मीच गं, धूळ गेली घशात.’ झालं, दोघी तुटून पडल्या. वाफ घे. गरम पाणी पी. रात्री पंखा लावतेस ना, तेच ते. आत पुन्हा खोकला, मी पुन्हा खोकले. तो लांब खोकला की मी लांब, तो मध्ये थांबला की मी थांबायचे, कान मागे, हसू पुढे... आणि मास्तरीण, ‘दवाखान्याचं सामान विकतेस आणि स्वतःच्या तब्येतीकडे असं दुर्लक्ष? तुझ्यासाठी एक पलंग राखून ठेव आता.’

अशी जीभ चालते माणसांची. चालू दे.

मग आत पलंगाचं काहीतरी कुरकुरलं. आता लोखंडाचा आवाज घशातून कसा काढायचा? मी सरळ बोलायलाच लागले. मोठ्याने. धंद्याचं. जी मी कुठल्या समारंभात दुकानाचं नाव काढत नाही, ती मी गाद्यांबद्दल बोलले, पाण्याच्या गादीने पाठीला जखमा कशा होत नाहीत त्याबद्दल बोलले, चाकाच्या खुर्चीला ब्रेक दोन्ही बाजूंना का लागतात ते सांगितलं, हाताने करून दाखवलं. बँकवालीने केक खाली ठेवला. ‘बाई गं, आज तरी धंद्याचं नको. चहाला आलोय आपण.’ मीही चहालाच आले होते ना. मी म्हटलं, ‘आणि कमोडच्या खुर्च्या...’ तेव्हा त्या उठल्या. मास्तरीण दारात खडूला म्हणाली, हळू आवाजात, पण वर्गातला हळू, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा, ‘पुढच्या वेळी हिला सांग जरा. माणसाला काही वेळकाळ असतो.’

दार लागलं. मी खुर्चीवरून उठले नाही. खडू किटली घेऊन उभी.

‘म्हणून नव्हतं बोलावलं,’ ती म्हणाली. ‘त्या दोघींना मी सांगते तेवढंच दिसतं. महिन्यातला एक तास तसा हवा होता मला. तू दारात उभी राहिलीस की संपलं.’

माझी वाक्यं तशीच राहिली हो. एवढी वाटभर जुळवलेली.

आतून आवाज आला, ‘मालकीणबाई, खोकता छान.’

मी पडदा सारला. पलंग पुलापलीकडच्या दुकानातला, बघताच ओळखला, त्याच्या चाकांना कधी तेल नसतं. खिडकीजवळ लावलेला. त्यावर एवढासा माणूस, उशी मोठी दिसत होती. ‘दुसऱ्याकडून माल घेतला, रागावू नका. ही म्हणाली, तुमच्याकडचा नको. गादी बघा कशी पातळ दिलीय.’

मी म्हटलं, ‘ओळख नाही तिथे असंच व्हायचं.’

तो हसला आणि त्या हसण्याचाच खोकला झाला. या वेळी मी खोकले नाही. हँडल तसंच बाहेर ठेवलेलं होतं, येताजाता आदळून खडूच्या नडगीवर निळा डाग असणार, असतोच सगळ्यांच्या. मी खाली बसले, हँडल आत दुमडलं. मागचं एक चाक मोकळंच होतं, ते पायाने दाबून अडकवलं. तेवढ्यात बघायचं ते बघून झालं. घोट्यांची सूज, नखांचा रंग, ताटलीत चमचा कोरडा. मी डॉक्टर नाही. पण माझा माल असल्याच अंगांखाली जातो आणि परत येतो.

स्वयंपाकघरात खडूने मला कप विसळायला दिला, आणि पाठ करून विचारलं, ‘त्या दुकानदाराने विचारलं, पलंग आठवड्यावर हवा की महिन्यावर. मी महिन्यावर घेतला. बरोबर केलं ना?’

हा प्रश्न मी दुकानात रोज विचारते. आठवड्यावर की महिन्यावर. विचारताना मी टेबलाकडे बघते, कारण लोक उत्तर द्यायच्या आधी माझा चेहरा वाचायला बघतात. इतक्या वर्षांत मी कुणाला चेहरा दिला नाही. आणि आता खडू वळली. ओला हात तसाच, आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी, आणि त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात टेबल कुठलं.

मी तिच्याकडे पाहिलं. सरळ. म्हटलं, ‘महिनाच बरोबर. माझ्याकडे आली असतीस तर मी दोन महिन्यांचाच दिला असता.’

ती बघत राहिली. मग माझ्या हातातला कप घेतला, जो मी तीनदा विसळला होता, आणि म्हणाली, ‘रंग मी खरंच काढणार आहे. ते उठले की.’

‘कोणता?’

‘पांढराच. दुसरा त्यांना चालत नाही.’

मी म्हटलं, पांढरा चांगला. चप्पल घातली. मागे बघायचं नाही हे ठरलेलंच होतं.

पलंग पुढच्या गुरुवारी परत गेला. शनिवारी सुताराने दार बसवलं. दाराची वरची कड थोडी घासत होती, ती त्याने रंध्याने साफ केली. मी तिथेच होते. नुसती चहाला गेले होते.