माझं माप माझ्या वहीत आहे

...आणि वर मला म्हणतो काय, "काका, चार दिवस वापरा, अंगाला बसेल." मला! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं टेलरिंगच्या दुकानात उभा आहे मी. हे वाक्य माझं आहे हो, माझ्या मालकीचं. खांदा उतरलेला असो, कॉलर मानेला टोचत असो, पँट बसताना नको तिथं काचत असो, गिऱ्हाईक आरशासमोर तोंड वाकडं करून उभं राहिलं की मी गळ्यातली टेप नीट करतो आणि शांतपणे म्हणतो, चार दिवस वापरा, अंगाला बसेल. आता आपल्यातलेच म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका... कपडा काही बसत नसतो. त्याला काय पडलंय? माणूसच पोट आत घ्यायला शिकतो. एवढंच आहे ते सगळं. आणि तो सायकलवाला, वय किती, तीस, फार तर बत्तीस, सायकलवर लोंबकळलेल्या माझ्याकडे बघून तेच वाक्य मलाच ऐकवतो.

म्हणाल, या वयात सायकल हवी कशाला? मला नकोच होती. मुलीपायी घडलं सगळं. आमची मुलगी रोज पहाटे सायकल काढते, ती शर्यतीतली असते ना, बोटाएवढे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल, तसली. आणि दोन वर्षं मला म्हणतेय, बाबा, एकदा या ना माझ्याबरोबर, जुन्या पुलापर्यंत जाऊ, बारा किलोमीटर तर आहे. मी काय म्हणायचो? पुढच्या रविवारी नक्की. मग दिवाणखान्याचे पडदे यायचे, कुणाच्या लग्नाचा कोट यायचा, की पुढचा रविवार. आम्हा टेलर लोकांची ही सवयच आहे, तारीख द्यायची. तुम्ही कपडा टाकायला आलात की आमच्या तोंडातून आधी तारीख निघते आणि मग आम्ही कपडा बघतो. ती तारीख खरी नसते हे मला माहीत असतं, तुम्हालाही माहीत असतं, दोघांचं बरं चाललेलं असतं. पण स्वतःच्या पोरीलासुद्धा मी गिऱ्हाइकासारख्या तारखा देत आलो, हे माझ्या लक्षात आलं ते मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी. जेवताना ती ताटाकडे बघत साधंच म्हणाली, "बाबा, सोमवारी निघायचंय मला. या रविवारी जमेल का? एकच राहिलाय."

नोकरी लागली हो तिला, दूर, दुसऱ्या शहरात. हे चार महिने घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण एकच राहिलाय म्हटल्यावर मी बुधवारी सकाळी कापायला बसलोच नाही. कुलूप लावलं, पाटी लटकवली, 'लवकरच येतो', आणि सरळ सायकलच्या दुकानात गेलो. हातात चार दिवस, बुध, गुरू, शुक्र, शनि.

दुकान म्हणजे काय सांगू... भिंतीवर सायकली टांगलेल्या, खाली सायकली, मध्ये काचेच्या कपाटात चष्मे आणि हातमोजे, आणि मालक अगदी नम्र. म्हणाला, काका, आधी माप घेऊ, बूट काढा, भिंतीला पाठ लावा. मी म्हटलं, थांबा. माप? माझं? मी टेलर आहे. माझं माप माझ्या वहीत आहे. तो म्हणाला, तसं नाही काका, सायकलचं माप वेगळं असतं. मी म्हटलं, पाय तेच ना? का सायकलीसाठी वेगळे आणायचे? आतल्या बाजूनं अठ्ठावीस इंच, लिहून घ्या. त्यानं बिचाऱ्यानं लिहून घेतलं. मापाच्या बाबतीत माझ्याशी कुणी वाद घालत नाही, ही माझी ख्याती आहे, आणि माणसाचा घात त्याची ख्यातीच करते बघा.

अठ्ठावीस इंचांच्या हिशेबानं त्यानं एक सायकल खाली उतरवली. बसलो. निघालो. चौकापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं ठरलेलं. पहिल्या दहा पावलांतच गुडघा कोपराला लागला. मी कोपर बाहेर काढलं. मग गुडघा छातीला लागला. मी छाती... छाती कुठं नेणार हो? सगळं अंग हातरुमालासारखं चार घड्या पडलेलं आणि त्या घडीतून फक्त माझं डोकं बाहेर. आणि अशा अवस्थेत चौकात कोण भेटावं? निवृत्त हेडमास्तर! त्यांची राखाडी पँट माझ्याकडे तीन आठवडे पडून आहे. सिग्नल लाल. ते फुटपाथवर, मी त्यांच्या कमरेच्या उंचीवर. वाकून माझ्या तोंडात बघितल्यासारखं करून म्हणाले, "दुकानावर तर 'लवकरच येतो' अशी पाटी आहे." मी म्हटलं, सर, तुमच्याच कामाला निघालोय. सुटलं तोंडातून! म्हटलं ना, सवय. ते म्हणाले, पँट कधी? मी म्हटलं, रविवारी नक्की.

परत आलो, मालकाला म्हटलं, लहान होतेय. तो म्हणाला, म्हणूनच म्हणतो काका, माप घेऊ. मी म्हटलं, काही गरज नाही, माझ्या लक्षात आलं काय झालंय ते, आपण दाब सोडलाच नाही. दाब म्हणजे, आम्ही शिलाईच्या आत जास्तीचं कापड ठेवतो ना, पुढं माणूस सुटला तर उसवून मोठं करायला, ते. कुठलाही शहाणा टेलर दोन इंच दाब सोडतो. दोन घाला, आणि वर तीन माझ्याकडून. आता तुम्ही म्हणाल, सायकलला कसला दाब? सायकल उसवता येते का? हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी मापाच्या बाबतीत अधिकारवाणीनं बोलत होतो.

तर ती मोठी सायकल. मालकानं धरली, मी चढलो, त्यानं सोडली. चालताना एकदम झकास, राजासारखा चाललो होतो, चौक आला, सिग्नल लाल झाला, मी पाय खाली टेकवायला गेलो... आणि खाली काहीच नाही. जमीन होती, नाही असं नाही, पण तिची आणि माझी भेट होईना. विजेचा खांब होता म्हणून वाचलो. मिठी मारली त्याला. तुम्हाला सांगतो, सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला, मी खांबाला धरून. आणि समोर हेडमास्तर! अजून तिथंच! या माणसाला घरदार आहे की नाही? यावेळी त्यांना मान वर करावी लागली. मग नुसतं घड्याळ बघितलं. मी खांबाला ढकलून सुटलो, दुकानापर्यंत पोहोचलो, पण उतरू कसा? दुकानासमोरून तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला मालक दारात, आणि मी जाता जाता ओरडतोय, "उतरवा... मला... कुणीतरी!" तिसऱ्या फेरीला त्यानं धावत येऊन पकडलं, मी हँडलवर पालथा, पाय हवेत, आणि तेव्हा, त्या क्षणी, तो ते वाक्य बोलला. चार दिवस वापरा, अंगाला बसेल. बोलला आणि स्वतःच हसला. म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं काका. दोन वर्षांपूर्वी. माझ्या लग्नाचा कोट शिवला होता तुम्ही."

मला कोट आठवला. डावी बाही. मी विचारलं नाही, बसला का म्हणून. मुकाट्यानं बूट काढले.

आणि बूट काढले तर मोज्याला भोक! एवढं! अंगठा बाहेर येऊन सगळ्यांकडे बघतोय. टेलरच्या मोज्याला भोक, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. भिंतीला पाठ लावून उभं केलं त्यानं मला, एक जाडजूड पुस्तक आणलं, पायांमध्ये धरायला लावलं, वर सरकवा म्हणाला, अजून वर, अजून... आता टेलरच्या दुकानात आम्ही असं काही केलं तर गिऱ्हाईक फिरून यायचं नाही. मग पुस्तकाच्या कडेपासून थेट जमिनीपर्यंत टेप. साडेतीस. मी म्हटलं, शक्य नाही, तुमची टेप आटली असेल. माझ्या खिशातली टेप काढली, स्वतः लावली. साडेतीस! अहो, पँटचं माप आम्ही घोट्याशी संपवतो आणि वरून ऐसपैस सोडतो. पँटला तेवढाच पाय लागतो. उरलेला अडीच इंच पाय माझ्याकडे जन्मापासून होता आणि मी तो कधी वहीत घेतलाच नव्हता. हात मोजले तर ते निघाले आखूड. पाय लांब, हात आखूड. मालकानं मान हलवली. म्हणाला, हे अवघड आहे काका, असं माप क्वचित येतं. त्या दिवशी एक, गुरुवारी दोन, शुक्रवारी दोन सायकली बघितल्या. एकीवर मान अवघडली, एकीवर मनगटं, एकीवर काय अवघडलं ते बायकामाणसांत सांगता येत नाही. इकडे दुकानाला कुलूप, पाटी 'लवकरच येतो', आणि पाटीखाली हेडमास्तर.

शनिवारी संध्याकाळी मुलगी आली तिथं, स्वतःच्या सायकलवरून, मी कुठवर पोहोचलोय ते बघायला. मालक तिच्या सायकलकडे बघतो, माझ्याकडे बघतो, पुन्हा सायकलकडे. म्हणाला, ताई, काकांना जरा बसू द्या हिच्यावर. मी म्हटलं, कशाला, पोरीची सायकल आहे ती. ती म्हणाली, बसा हो. बसलो.

आणि काय सांगू... काही झालंच नाही. म्हणजे काही टोचलं नाही, ओढलं नाही, लागलं नाही. पाय जिथं जायला हवे तिथं गेले, हात आपोआप हँडलवर. चौकापर्यंत गेलो आणि आलो, माझं मलाच कळलं नाही. तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं या पोरीचे कपडे मी शिवतोय, झबल्यापासून. दर वेळी बाही इंचभर कमी करायची आणि पाय वाढवायचा. दर वेळी मनात म्हणायचो, ही कुणावर गेलीय? वहीत तिचं पान आहे, माझं पान आहे, आणि दोन्ही पानं शेजारी ठेवून मी एकदाही बघितलं नाही. माझ्याच मापावर बेतलेली पोरगी घरात वाढली आणि मला ते एका सायकलवाल्यानं दाखवलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मी म्हटलं, वारा लागला.

मालकाला म्हटलं, हीच द्या, असलीच, हाच नंबर. तो म्हणाला, मागवावी लागेल काका. तीन आठवडे लागतील. मी म्हटलं, अहो, उद्या हवी! तो इतक्या शांतपणे म्हणाला, "लवकरच येईल."

बघा! बघा म्हणजे कसं फिरतं ते!

तर रविवारी आम्ही गेलो. तारीख पाळली मी, जन्मात पहिल्यांदा. माप एक, सायकल एक, माणसं दोन. म्हणून जाताना ती सायकलवर आणि मी मागं स्कूटरवर, ताशी वीसच्या वेगानं, मागच्या गाड्या भोंगे वाजवतायत आणि मी बारा किलोमीटर पोरीची पाठ बघतोय. तिचा तो सायकलचा शर्ट मागून वर सरकत होता, बाजारातला तयार कपडा, दुसरं काय होणार? हात शिवशिवत होते माझे. पुलावर पोहोचलो, कठड्याला टेकून पाणी प्यायलो. मी म्हटलं, शर्ट दे, रात्रीतून पाठ लांब करून देतो. ती म्हणाली, राहू द्या बाबा, सवय झालीय. येताना अदलाबदल. मी सायकलवर, ती स्कूटरवर. उतार लागला आणि अशी सुटली म्हणता सायकल! एवढा हलका मी कधी नव्हतो. उतार संपला, मागं वळून बघतो तर ती नाही. कुठंच नाही. मी ब्रेक दाबला, मला पुढं जायचंच नव्हतं हो, मला तिच्याबरोबर जायचं होतं, तेवढंच तर दोन वर्षं राहिलं होतं. दोन मिनिटांनी आली. हेल्मेटच्या आतून हसत म्हणाली, "बाबा, तुम्ही थांबला नाहीत." मी म्हटलं, आता थांबलोय.

सोमवारी गेली. सायकल ठेवून गेली, म्हणाली, तुम्हाला बसते, तुम्हीच चालवा, मी तिकडं घेईन. आता ती सायकल माझ्या कापायच्या टेबलाला टेकून उभी आहे. इकडून तिकडं जाताना रोज एकदा तिच्या पायडलला माझी नडगी लागते. ती हलवत नाही मी.

आज सकाळी चहा घेताना बायकोला म्हटलं, "घर सैल झाल्यासारखं वाटतंय गं. कुठं बसलं तरी बाजूला जागा उरते." ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चार दिवस वापरा. अंगाला बसेल."

वाक्य माझंच. कप खाली ठेवला, पोट आत घेतलं, आणि हेडमास्तरांची पँट कापायला घेतली.