बाबांचा गुडघा

...अहो, दुखायचं तर दुखू दे ना, पण वाजायचं कशाला? तुम्हाला सांगतो, कशेळ्याच्या बाजारात आमचं किराणा दुकान, मागं घर, वर माळा, पोती काढायला दिवसभर शिडीची चढ-उतर. आणि एक दिवस उतरताना उजव्या गुडघ्यात कट्... हुबेहूब बाबांचा आवाज. तेही जेवायला माळ्यावरून असेच वाजत उतरायचे. बाबांना जाऊन वर्ष होत आलेलं! आत उमानं, म्हणजे आमच्या हिनं, लगबगीनं डोक्यावर पदर घेतला आणि माझ्यापुढं बिनसाखरेचा चहा ठेवला. म्हटलं, "अगं, मी आहे." म्हणते, "आवाज मामंजींचा आला." आता बोला. गुडघा माझा हो!

पण खरी गोष्ट आईची. तिनं जन्मात बाबांच्या आधी घास घेतला नाही. ते गेल्यापासून ताटात नुसती बोटं फिरवायची, वाळत चाललेली. त्या दिवशी कट् ऐकलं आणि म्हणाली, "उतरले गं. वाढ मला." भाकरी संपवली, वर भात मागितला. मग काय, रोज जेवणवेळी मी शिडीवर. गुडघ्याची वाटी कळवळतेय, मी उतरतोय, आई जेवतेय... गुडघा माझा हो, पण सांगू कुणाला?

शेवटी पाय टेकवेना, तेव्हा कर्जतचा डॉक्टर गाठला. एमआरआयची फिल्म उजेडाला धरून म्हणतो कसा, "काका, वाटीखालची कूर्चा झिजलीय. शिडी बंद, मांडी घालणं बंद, खुर्चीवर जेवा, व्यायाम करा." मी म्हटलं, "दुखणं घालवा, आवाज तेवढा राहील का?" त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग उमाकडं.

व्यायामानं गुण आला, तिथंच घात झाला. दुखणं गेलं ते आवाज घेऊनच. आई ताटासमोर बसून, "अजून नाय उतरले." भात गार. मग मी दाराआडून अडकित्त्यानं सुपारी फोडली, कट्. आई म्हणाली, "आज दुसरा गुडघा वाजतोय वाटतं त्यांचा," आणि जेवली.

बरं चाललं होतं हो. परवा अडकित्ता दुकानातच विसरलो. मी खुर्चीवर, पुढं ताट, माळ्यावर कुणी नाही, शिडी मीच आडवी करून ठेवलेली... आणि वरून कट्. उमानं पदर घेतला. आईनं घास घेतला. माझी तर बोटं वरणातच राहिली.

मग उठलो, खुर्ची रिकामी केली आणि खाली पाटावर मांडी घालून बसलो. काय करणार? त्यांचा गुडघा माझ्यापेक्षा जुना.