काईलीतून किस्नंला

आमी भोई. माहेर माझं किस्नंच्या काठाचं आन् दिलं येरळंच्या काठाला, कडेगावच्या खालतीकडं. आई म्हनायची, इंदू, नदी बारकी हाय पर मासा ग्वाड हाय तिचा. आन् खरंच हुता वो. मी नांदाय आले तवा येरळा शिमग्यापतूर वाहायची. मग काय झालं कुनाला ठावं, पाऊस यायचा तो दोन रोज दांडगा कोसळायचा, समदं पानी वाहून जायाचं, आन् पुढं महिनाभर आभाळ कोरडं. धार संक्रांतीला तुटाय लागली, मग दिवाळीलाच. मासा अंडी घालाय वर चढायचा आन् माघारी जायला पानीच न्हाई, खड्ड्यात अडकायचा, बगळं टपल्यालंच. सासरं म्हनायचं, नदीला आपली येळ कळंना झालीया.

आन् मग त्यो बाहात्तरचा दुष्काळ. काय सांगू तुमास्नी, नुसता रेताड. देवळाखालचा डोह तेवढा राह्यला, आन् समद्या नदीचं मासं त्यात. देवाचा डोह त्यो. तिथं जाळं घालायचं न्हाई ही रीत, आमी मासं मारून खानारी मानसं, पर तिथं गळसुदीक टाकला न्हाई कवा. त्यो बी आटाय लागला. मासं तोंड वर काढून आ आ करत्यात. हे मेलं तर येरळंच्या माशाचं बीच संपलं, मग भोयानं करायचं काय, दगड इकायचं?

कोयनंच्या धरणाचं पानी येत हुतं म्हनून किस्ना वाहती हुती. आमचं मालक म्हनलं, तिकडं न्हिऊन सोडू. तर देवळाचं पुजारी गुरवमामा आडवं आलं. देवाच्या माशाला जाळं लावलं तर गावाचं वाटुळं हुईल म्हनं. मानूस वाईट न्हवं हं, भ्यालं हुतं बिचारं. मी म्हनलं, आवं मामा, जाळं न्हाईच लावायचं, लुगडं लावायचं, लुगडं काय जाळं हाय व्हय? मामानं लय इचार केला आन् म्हनलं, लुगड्याला देवाची बंदी न्हाई.

आवं मग काय, आमी समद्या बाया उतरलो की डोहात! जुनी लुगडी चौघी चौघींनी धरायची आन् खालनं उचलायची, मासं उड्या मारत्यात, तोंडावर चिखुल, जाऊ तर माझी हसून हसून पान्यात बसली. ऊस न्हवता तर गुऱ्हाळं बंद, हसनभाई गुळव्याची रस उकळायची मोठी काईल पालथी पडल्याली. त्यानं ती गाडीवर चढवली आन् सोता बी चढला.

आन् तिथंच चुकलो बगा आमी. देवाचं मासं, त्यास्नी गढूळ पान्यात कसं घालायचं? म्हनून हिरीचं निवळ गार पानी भरलं. हौसंनं हो. गाडी येशीबाहेर जाते न जाते तवर मासं कुशीवर पडाय लागलं. माझा तर जीवच गेला. मी वरडले, वता ते पानी, हे गार सोसंना त्यास्नी, डोहाचंच आना. बाया पळत गेल्या, घागरी भरभरून चिखलाचं पानी आनलं. आन् हसनभाईनं गुळाचं फावडं घेतलं, रस हलवत्यात तसं पानी हलवाय लागला, वर उचलायचा आन् वतायचा. मी म्हनलं हे काय, तर म्हनला, भाबी, रस असाच इसावा घेऊ देत न्हाई आमी, पान्याला बी वारं लागंल, बगू तरी. आन् एक मासा सरळ झाला. मग दुसरा. मी बैलाच्या पुढं नाचलेय वो, मालक म्हनलं मानसं बघत्यात, म्हनलं बघू देत.

किस्नंपतूर हसनभाईचा हात थांबला न्हाई. थोडं मेलं वाटंत, न्हाई कशाला म्हनू. पर बाकीचं काईल कलती केल्याबरुबर गेलं की सुळकन, वळून सुदीक बघितलं न्हाई मेल्यांनी.

पुढच्या साली येरळा दोन्ही थड्या भरून आली, किस्नंचा मासा परत वर चढला. गुरवमामा सोता बलवाय आलं, इंदे, चल, डोहात बोटाएवढी पिल्लं दिसाय लागल्यात. मी पदर खोचून पळाले. ती आमचीच का न्हाई, त्यास्नी कोन इचारनार, पर पिल्लं हुती.

आता पावसाचं गनित काय सुधारलं न्हाई. आवंदा बी धार लवकर तुटली, पुढं किती साल जमंल देवाला म्हाईत. पर मासा हाय अजून. तुमी आलाय तर डोहावर चला, पाय सोडून बसा, बारकी बारकी येऊन टाचा टोचत्यात, गुदगुल्या हुत्यात. तुमच्या लेकरांच्या लेकरांनी पान्यात पाय घातला तर त्यास्नी बी मासा टोचू दे, एवढंच म्हननं हाय माझं.